डग्गा कुठे गेला?

“डग्गा कुठे गेला रे?” आईनं विचारलं तेव्हा पाली मागे पडलं होतं आणि नाणीज अजून यायचं होतं. आषाढातली सकाळ. वायपर पूर्ण वेगानं फिरत होते, समोरचा ट्रक नुसता लाल ठिपक्यासारखा दिसत होता, आणि गाडीत माणिक वर्मांचं एक जुनं गाणं चालू होतं. माझं लक्ष रस्त्यावर. मी हात लांबवून आवाज थोडा वाढवला आणि म्हणालो, “तबला ऐकू येतोय की.”

“बोटं ऐकू येतायत,” ती म्हणाली. “तळवा नाही.”

आईचे वडील गावात भजनाला तबला वाजवायचे. ओटीवर त्यांचा रियाज चालायचा आणि आतल्या खोलीत ती झोपलेली असायची. तिला तालांची नावं फारशी सांगता येत नाहीत, पण जोडीतलं काय कमी पडलंय ते तिला लगेच कळतं. मला कळलं नाही. मला वाटलं, पावसाचा आवाज आहे, वय झालंय, नाहीतर ध्वनिमुद्रणच जुनं आहे. या तीनही गोष्टी खऱ्या होत्या आणि एकीचाही डग्ग्याशी संबंध नव्हता. ते कळायला मला पुढचे तीन महिने आणि कोल्हापुरातला एक माणूस लागला.

आधी मागचं सांगतो. आमची गाडी छोटी, कंपनीनं दिलेले दोनच स्पीकर, पुढच्या दोन दारांत. जूनमध्ये डावा स्पीकर रुसायला लागला. दार आपटलं की बोलायचा, खड्ड्यात गाडी गेली की गप्प व्हायचा. गाडीच्या ॲक्सेसरीजच्या एका दुकानात नेली. तिथल्या मुलानं डेकचं बटण फिरवलं, दारावर दोन थापा मारल्या आणि निदान केलं, “स्पीकर गेलाय साहेब. जोडीच बदला, एकच बदलला तर आवाज जुळणार नाही.” पाऊण तासात दोन्ही दारांत नवी जोडी बसली. डबा चकचकीत होता, आवाज दोन्हीकडून येत होता, मी पैसे दिले. जुने स्पीकर एका पिशवीत घालून त्यांनी परत दिले, ते मी डिकीत स्टेपनीशेजारी टाकले आणि विसरलो. आईच्या तक्रारीनंतर मी दुकानात फोनही केला होता. नवे स्पीकर मोकळे व्हायला वेळ घेतात, असं उत्तर मिळालं. सप्टेंबरात डावा स्पीकर पुन्हा मुका झाला. नवा कोरा, तीन महिन्यांचा.

दसऱ्याच्या आधी मावशीकडे कोल्हापूरला जायचं होतं. मावसभाऊ म्हणाला, गाडी उद्यमनगरात घेऊन चल.

शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्रीची कामं आणि इंजिनांचे सुटे भाग यांच्या दाटीत एक दहा बाय बाराचा गाळा आहे. पाटी रंग उडालेली. मालकाला सगळे ‘मामा’ म्हणतात, त्यांच्या हाताखालचा मुलगाही. मामांनी गाडी पाहिली, दुकानाचं बिल पाहिलं नाही, नव्या स्पीकरची कंपनी विचारली नाही. पहिला प्रश्न विचारला, “कधी बंद पडतोय?” मी सांगितलं, आत्ता तर बंदच आहे. “तसं न्हाई. पहिल्यांदा बंद पडला तवा काय झालं हुतं? दार उघडताना का लावताना? पावसात का उन्हात? इंजिन चालू असताना का बंद असताना?” पाच मिनिटं त्यांनी फक्त विचारलं आणि मुलाला ऐकायला लावलं. एकही स्क्रू फिरवला नाही.

त्यानंतर त्यांनी आईला गाडीतच बसू दिलं आणि स्वतः चालकाच्या जागी बसले. डेकमध्ये बॅलन्स पूर्ण उजवीकडे, आवाज आला. पूर्ण डावीकडे, शांत. मग ते उतरून डाव्या दाराशी आले आणि दार अगदी हळू, बोटभर बोटभर उघडत गेले. एका ठिकाणी खर्र झालं, अर्धा शब्द ऐकू आला आणि पुन्हा गेला. मामांनी दार तिथंच धरून ठेवलं. “स्पीकरचं काय चुकलं यात?” ते म्हणाले.

गाडीच्या बॉडीतून दारात जाणाऱ्या सगळ्या तारा बिजागरीजवळ भात्यासारख्या घडीच्या एका रबरी नळीतून जातात. काचेच्या मोटरच्या, सेंट्रल लॉकच्या, स्पीकरच्या. दार उघडलं की त्या वाकतात, लावलं की सरळ होतात. दिवसातून आठ-दहा वेळा, वर्षानुवर्षं. आतली तार म्हणजे केसासारख्या बारीक तांब्याच्या धाग्यांचा जुडगा. एकेक धागा तुटत जातो, वरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत राहतं, त्यामुळे बाहेरून काहीच दिसत नाही. शेवटचे धागे तुटले की टोकाला टोक टेकून राहतं. दार एका कोनात असलं की आवाज येतो, दुसऱ्या कोनात जातो. दुकानात जूनमध्ये स्पीकर बदलताना तारा ओढल्या गेल्या, टोकं पुन्हा टेकली आणि ‘नव्या स्पीकरमुळे’ आवाज आला. मूळ दुखणं नळीतच राहिलं.

मामांनी नळी सोडवून मागे सरकवली आणि मीटर लावला. एक टोक डेककडच्या कपलरला, दुसरं दाराकडच्या. मुलगा तार हलवत होता, मीटर बीप देत होता आणि थांबत होता. तार हलवत मोजायची, हे त्यांचं पक्कं. स्थिर ठेवून मोजली तर तुटकी तारही खोटं सांगते.

मग दाराचं पॅड निघालं आणि मामा पहिल्यांदा नाराज झालेले दिसले.

पॅडच्या मागे दाराच्या पत्र्यावर कंपनी एक प्लॅस्टिकचा पडदा काळ्या चिकट पट्टीनं बसवते. गाडीच्या काचेवरून ओघळणारं पाणी खिडकीच्या रबरातून थोडं आत जातंच. ते दाराच्या पोटात उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. दार हे आतून भिजायचंच असतं, तसंच ते बनवलेलं असतं. तो पडदा त्या ओल्या बाजूला कोरड्या बाजूपासून वेगळं ठेवतो. आमच्या दारातला पडदा स्पीकरभोवती ब्लेडनं कापलेला होता आणि अर्धा लोंबत होता. तळाची भोकं मातीनं आणि आंब्याच्या मोहरानं बुजलेली. नव्या स्पीकरचा कागदी कोन खालच्या बाजूनं फुगून नरम पडला होता आणि पितळी टोकांवर हिरवट थर चढला होता.

“कळकलंय,” आई खिडकीतून म्हणाली. हा शब्द मी लहानपणी फक्त ताकाच्या भांड्याबाबत ऐकला होता. तांब्यापितळेला कल्हई नसली की आंबट कळकतं, तसं इथं खाऱ्या हवेनं आणि पाण्यानं केलं होतं. मामा हसले आणि म्हणाले, “मावशी, आता त्यालाच कल्हई करतोय बघा.” ते शब्दशः खरं होतं. कल्हईत कथील असतं आणि डाखातही मुख्य धातू कथीलच. मामांनी तुटलेल्या तारेचा तुकडा कापून टाकला, दोन बोटं लांब नवी तार घेतली, दोन्ही टोकं घासून आधी कथील चढवलं, मग जोड डाखला आणि त्यावर प्लॅस्टिकची बारीक नळी तापवून आवळली. जोड भात्याच्या बाहेर, जिथं वाकत नाही तिथं घेतला. दुकानातल्या मुलानं स्पीकरपाशी कंपनीचा कपलर छाटून तारा नुसत्या पिळल्या होत्या आणि वर टेप मारला होता. दोन उन्हाळ्यांत टेपचा चिकटपणा सुटतो, आणि पिळलेल्या तांब्यात हवा शिरली की तिथं प्रत्येक पावसाळ्यात थोडं थोडं अडायला लागतं. कंपनीचा कपलर कापणं ही मामांच्या लेखी सगळ्यात मोठी चूक. तो कापला की पुढच्या माणसाला मूळ काय होतं हे कळायचा रस्ताच बंद होतो.

यात घाईला जागा नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. आणि या घाई न करण्याचे पैसे कुणी देत नाही, हेही पाहिलं. स्पीकरच्या डब्यावर किंमत छापलेली असते. तार शोधण्यावर कुठे छापणार? दुकानानं मला एक वस्तू विकली, कारण वस्तूच विकता येते. मामांनी त्या दिवशी तास-दीड तास खर्च करून दोन बोटं तार वापरली.

स्पीकर म्हणजे काय हे त्यांनी मुलाला ज्या पद्धतीनं शिकवलं ती मला फार आवडली. एक फाटका स्पीकर टेबलावर होता. लोहचुंबकाच्या खाचेत बसलेलं तारेचं वेटोळं, ती कॉइल. कॉइलला चिकटलेला कोन. कोन मध्यावर राहावा म्हणून मागे घड्या पाडलेलं कापड, त्याला ते स्पायडर म्हणतात, आणि कडेनं रबराची किंवा फोमची झालर. कॉइलमधून वीज गेली की ती पुढे-मागे सरकते आणि कोन हवा ढकलतो. राइस आणि केलॉग या दोन अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ मध्ये जी रचना मांडली, ती आजच्या गाडीच्या दारातही जवळजवळ तीच आहे. मामांनी टॉर्चचा दीड व्होल्टचा सेल घेतला, दोन तारा टोकांना टेकवल्या. टक् झालं आणि कोन पुढे आला. तारा उलटवल्या, टक्, कोन मागे गेला. “बोलला,” मुलगा म्हणाला. सेल क्षणभरच टेकवायचा. धरून ठेवला तर कॉइल विनाकारण तापते.

मग मीटर. गाडीचे बहुतेक स्पीकर ४ ओहमचे म्हणतात, पण मीटरवर ४ दिसत नाही. साधारण सव्वातीन ते पावणेचार दिसतं, कारण मीटर नुसत्या तांब्याचा रोध मोजतो आणि ४ हा आकडा आवाज चालू असतानाचा. आणि आधी मीटरच्या दोन सुया एकमेकींना टेकवून बघायच्या. त्यांचाच पाव-अर्धा ओहम निघतो, तो वजा करायचा. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली किंवा जळाली. शून्याजवळ आलं तर वेटोळी एकमेकांना चिकटली, आणि असा स्पीकर डेकला जोडणं धोक्याचं.

इथं एक सापळा आहे, आणि त्यात पुष्कळ चांगले ट्विटर, म्हणजे उंच स्वरांचे छोटे स्पीकर, कचऱ्यात गेले आहेत. ट्विटरच्या तारेत एक छोटा कपॅसिटर असतो. ४.७ मायक्रोफॅरडचा असेल तर ४ ओहमच्या ट्विटरला साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या वरचेच स्वर तो मोकळेपणानं जाऊ देतो, खालचे अडवतो. मीटरची वीज एकाच दिशेची, तिला तर तो पूर्णच अडवतो. मीटर कपॅसिटरच्या अलीकडे लावला की ट्विटर मेलेला दिसतो. सुई कपॅसिटरच्या पलीकडे, थेट ट्विटरच्या पायावर टेकवायची.

“तुमचे जुने कुठं हायेत?” मामांनी विचारलं. मी डिकी उघडली. पिशवीला बुरशी धरली होती. त्यांनी दोन्ही स्पीकर पुसले, सेल टेकवला. टक्. टक्. मीटरवर दोन्ही साडेतीनच्या आसपास. कोनावर बोटं पसरून हलकेच दाबून पाहिलं, कॉइल कुठे घासत नव्हती. त्या स्पीकरांना प्लॅस्टिकची चौकट होती आणि चौकटीला वरून छत्रीसारखी पुढे आलेली एक कड. पाणी वरून आलं तर चुंबकावर न पडता बाजूनं जावं म्हणून. नव्या जोडीला तसलं काही नव्हतं. “कंपनीनं पावसाचा इचार केलाय, दुकानानं डब्याचा,” एवढंच ते म्हणाले आणि जुने स्पीकर परत दारात बसवायला मुलाकडे दिले. माझ्या डिकीत तीन महिने दोन धडधाकट स्पीकर पडून होते, या गोष्टीची मला अजून रुखरुख आहे.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. उसाच्या हंगामाआधी मामांकडे ट्रॅक्टरांची रीघ लागते. रात्रभर कारखान्यावर नंबर लावून बसणाऱ्या, ट्रॉल्या ओढणाऱ्या चालकाला झोप येऊ नये म्हणून गाणी लागतातच. याचा स्पीकर मात्र खरोखर मेलेला होता. मामांनी तो मुलाच्या नाकाशी नेला. जळक्या वार्निशचा वास. कोन दाबला तर आत खरखर लागली.

स्पीकरला दिलेल्या विजेतला जेमतेम शंभरावा भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी, आवाज बनतो. बाकी सगळी कॉइलमध्ये उष्णता होते. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे ०.४ टक्का. म्हणून तासभर जोरात वाजवल्यावर आवाज दबल्यासारखा वाटतो, माणूस आणखी वाढवतो आणि कॉइल आणखी तापते. त्यात डेकच्या डब्यावर छापलेलं असतं ‘५० वॅट गुणिले ४’. मामांनी हिशेब पाठीमागच्या पुठ्ठ्यावर मांडला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्ट. डेक स्पीकरला त्याहून जास्त ताण देऊ शकत नाही. लाटेचं शिखर १४.४, म्हणजे सरासरी हिशेबाला १०.२. वर्ग केला, ४ ओहमनं भागला, २६ वॅट. आतली गळती वजा जाता विसाच्या आसपास. त्याच डेकच्या पाठीवर पुष्कळदा १० अँपिअरचा लाल फ्यूज असतो. तो १४४ वॅटच आत घेऊ देतो, मग २०० बाहेर कुठून सतत येणार?

आवाज त्यापलीकडे वाढवला की लाटेचे माथे सपाट छाटले जातात. कानाला तो फाटका आवाज. पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट वीज असते. छोट्या डेकनं मोठा स्पीकर जळतो, तो असा. मामा ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, “फाटायला लागला की दोन घरं मागं घ्या.” आणि कोन-कॉइल नवी टाकून तोच स्पीकर पुन्हा बांधून द्यायचं ठरलं. चुंबक आणि सांगाडा चांगला होता.

त्या दिवशी आणखी दोन गाड्या आल्या. एका वडापच्या जीपमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गाण्याबरोबर बारीक शीळ वाढायची. ही अल्टरनेटरची शीळ. डेकचा अर्थ, म्हणजे पत्र्याला जोडलेली वजा तार, एका ठिकाणी आणि सीटखालच्या ॲम्प्लिफायरचा दुसरीकडे, रंगावरच स्क्रू मारून घेतलेला. दोन अर्थांमध्ये अल्पसा फरक राहतो आणि तो गाण्याच्या तारेतून ऐकू येतो. मामांनी पत्र्यावरचा रंग खरवडून दोन्ही अर्थ एका जागी आणले. शीळ गेली. शिकागोत गॅल्विन बंधूंनी १९३० मध्ये मोटारीत रेडिओ बसवला आणि त्याला ‘मोटोरोला’ नाव दिलं, तेव्हाही त्यांची मोठी झुंज इंजिनच्या ठिणग्यांच्या खरखरीशीच होती.

दुसरी गाडी पाहून मला फार आनंद झाला. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली प्रीमियर पद्मिनी, मालकानं जिवापाड जपलेली. त्यात नवा ब्लूटूथचा डेक बसवला होता. चालू केला की दोन सेकंद वाजायचा आणि स्क्रीनवर प्रोटेक्ट असं येऊन गप्प व्हायचा. दुकानानं एकदा डेक बदलूनही दिला होता. मामांनी मागच्या ओव्हल स्पीकरची एक तार बॉडीला स्क्रूनं जोडलेली दाखवली. जुन्या काळच्या डेकला ते चालायचं. स्पीकरची एक तार डेककडे, दुसरी सरळ पत्र्याला, तारेची बचत. आताच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, सहा-सात व्होल्ट, आणि एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. त्यातली एकही पत्र्याला टेकली की डेक स्वतःला वाचवण्यासाठी चारही स्पीकर बंद करतो. पॅडच्या स्क्रूखाली चिरडलेली एकच तारही हेच करते. म्हणून चारही एकदम गप्प झाले तर मामा स्पीकर उघडत नाहीत. डेकच्या मागचा कपलर काढतात आणि एकेका तारेपासून पत्र्यापर्यंत मीटर लावतात. बाजारातल्या डेकना पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, आणि काळी रेघ असलेली ती जोडीतली वजा. बीप ज्या रंगावर आला, त्या कोपऱ्यात जायचं. जाताना दारात किंवा स्टिअरिंगखाली पिवळा कपलर दिसला तर हात लावायचा नाही, तो एअरबॅगचा. हे मुलाला रोज सांगतात म्हणे.

पद्मिनीच्या प्रत्येक स्पीकरला नवीन दोन तारा ओढायला संध्याकाळ लागणार होती. आमची गाडी झाली होती.

मुलानं पॅड बसवलं, त्याआधी नवं जाड प्लॅस्टिक कापून पडदा चिकटवला, तळाची भोकं तारेनं मोकळी केली, तुटलेल्या दोन क्लिपा बदलल्या. क्लिपा राहिल्या की पॅड खुळखुळतं आणि माणूस म्हणतो स्पीकर फाटला. मामांनी बॅलन्स डावीकडे नेला, आवाज. उजवीकडे नेला, आवाज. मी खिशात हात घातला.

“डग्गा नाहीच,” आई म्हणाली.

मला खरं सांगायचं तर ओशाळल्यासारखं झालं. एवढं सगळं झाल्यावर आता ही तक्रार. पण मामांचा चेहरा बदलला. त्यांनी मुलाला बाहेर उभं केलं, स्वतः आत बसून दार लावून घेतलं आणि आईला म्हणाले, “मावशी, मी फिरवतो, तुम्ही सांगा.” बॅलन्स पूर्ण डावीकडे. “आहे,” आई म्हणाली. पूर्ण उजवीकडे. “आहे.” मग मधोमध. आई थांबली, मान हलवली. “गेला.”

मामा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी एक-एक बाजू ऐकून गाडी सोडणार हुतो.”

दोन्ही दारांतले कोन एकाच वेळी पुढे यायला हवेत आणि एकाच वेळी मागे जायला. एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या की एक कोन हवा ढकलतो तेव्हा दुसरा ती ओढून घेतो. डग्ग्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपासचा धरला तर त्याची हवेतली लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब. गाडीची दोन दारं एकमेकांपासून सव्वा-दीड मीटरवर. एवढ्या लांब लाटेला ती दोन्ही जवळपास एकाच जागी असल्यासारखी, त्यामुळे ढकललेलं आणि ओढलेलं एकमेकांना खाऊन टाकतं. तबल्याच्या कडेवरच्या चाटेचा स्वर उंच, त्याची लाट वीतभर किंवा तीसेक सेंटिमीटर. ती कुठे मिटते, कुठे उरते, आणि बोटं ऐकू येत राहतात. त्यात आईची जुनी गाणी एकेरी ध्वनिमुद्रणाची, दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच. मिटायला त्याहून सोयीचं काही नाही. गायिकेचा आवाजही समोरून न येता डोक्याभोवती विरल्यासारखा येतो, तोही त्यामुळेच. नव्या पद्धतीच्या गाण्यांत डावं-उजवं वेगळं असतं, तिथं हा दोष अर्धवट लपतो, आणि दुकानात लावून दाखवतात ती तसलीच गाणी.

स्पीकरच्या दोन पायांपैकी रुंद पाय अधिक, अरुंद पाय वजा. कपलर कापला नसता तर उलटं बसवणं शक्यच नव्हतं. दुकानातल्या मुलानं कापला, सारख्या दिसणाऱ्या दोन तारा पिळल्या आणि डाव्या दारात त्या उलट गेल्या. मामांनी दुरुस्ती करताना तारांचे रंग जसे पिळलेले होते तसेच पुढे नेले. त्यांनी डेक बाहेर काढला, मागच्या तारांना सेल टेकवला. मी उजव्या दाराच्या जाळीवर हात ठेवून होतो, मुलगा डाव्या. माझ्या तळव्याला हलकासा धक्का लागला. मुलगा म्हणाला, आत गेला. डाव्याचे दोन पाय अदलाबदल झाले. पुन्हा सेल. “आला,” मुलगा म्हणाला.

गाणं लावलं. मामा, मी आणि मुलगा तिघेही गाडीबाहेर उभे होतो, दारं बंद होती आणि आई एकटी आत. काचेतून तिचा हात दिसत होता. मांडीवर ठेवलेला डावा हात, मनगट टेकलेलं, तळव्याची कड हलकीशी पुढे सरकत होती. आजोबांचा हात तसाच चालायचा.

मामांनी मजुरी सांगितली ती दुकानातल्या बिलाच्या पासंगालाही पुरत नव्हती. मी जास्त देऊ केले, त्यांनी अर्धे परत केले आणि म्हणाले, उरलेल्याचं मावशींना काहीतरी घ्या, चूक त्यांनी पकडली. नवी जोडी मी त्यांच्याकडेच ठेवली. उजवा चांगला होता. डावा स्पीकर मुलगा उघडून बघणार होता.

परतीला मलकापूर ओलांडेपर्यंत उजेड गेला. आंबा घाटात धुकं होतं, गाड्या एकमेकींच्या मागे रांगेनं उतरत होत्या. आई काहीच बोलत नव्हती आणि मीही विचारलं नाही. साखरप्याला चहाला थांबलो. टपरीसमोर गाडी लावली आणि किल्लीकडे हात नेला.

“थांब,” ती म्हणाली. “समेवर येऊ दे.”